नाश्ता भरपेट, तरी अकराला भूक का?

सकाळी आठला बशीभर पोहे, वर गोड चहा. तरी अकराच्या सुमारास पोटात कावळे ओरडतात.

पोहे म्हणजे आधीच अर्धवट शिजलेला, चेपलेला तांदूळ. त्यातल्या पिष्टाची साखर चटकन होते आणि जत्रेहून परतणाऱ्या गाड्या टोलनाक्यावर एकदम याव्यात तशी ती रक्तात गर्दी करते. स्वादुपिंड घाईने इन्शुलिन सोडतं, स्नायू आणि यकृत साखर उचलतात. काहींच्या बाबतीत जरा जास्तच उचलली जाते. मग दोन-तीन तासांनी पातळी उपाशीपोटी असते त्याहूनही खाली घसरते आणि मेंदू पुन्हा खायला मागतो.

म्हणून पोहे सोडायचं कारण नाही (वरून शेव भुरभुरणं हा उपायही नव्हे!). मूठभर शेंगदाणे, मोड आलेली मटकी घाला. प्रथिनं, स्निग्धांश आणि तंतूंमुळे जठर सावकाश रिकामं होतं. जेवतानाही कोशिंबीर-उसळ आधी आणि भात शेवटी घेतला, तर तेवढ्याच जेवणाने साखर कमी चढते. शतपावलीची युक्ती निराळी: चालताना पायांचे स्नायू इन्शुलिनची फारशी वाट न पाहता साखर ओढून घेतात. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं पुरतात. मधुमेहाची औषधं चालू असतील, तर मात्र आधी डॉक्टरांशी बोला.