सातपुड्याच्या पाड्यांवर (भाग ४) : घर कधी भरतं?

मोहाचं फूल पहाटे गळतं. उन्हं वर यायच्या आत वेचलं नाही, तर ते गुरांच्या नाहीतर रानातल्या जनावरांच्या पोटात जातं. म्हणून चैत्राच्या सुमाराला अक्राणी तालुक्यातली पोरं अंधारातच टोपल्या घेऊन झाडाखाली पोचतात. खालचा पाचोळा आधीच झाडून किंवा जाळून काढलेला असतो. पाच-सहा वर्षांचं पोर या कामात मोठ्यांपेक्षा चपळ. त्याला वाकावंही फारसं लागत नाही!

मागच्या भागात इथली शेती पाहिली, आता घर. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यातला अक्राणी, म्हणजेच धडगाव, हा डोंगराळ तालुका. वस्ती मुख्यतः पावरा आणि भिल्लांची. गाव म्हटलं की मैदानातल्या माणसाला पार, गल्ली, भिंतीला भिंत लागलेली घरं आठवतात. इथे एक घर टेकडीवर, तर दुसरं ओढ्यापलीकडे. लग्न झालेला मुलगा शेताजवळ वेगळं घर बांधतो. धाकटा बहुधा आईबापापाशी राहतो. घर उभं करायला पाड्यातली माणसं मजुरी न घेता येतात. या रीतीला ‘लाह’ म्हणतात. बांबूच्या कुडाच्या भिंतींआड माणसांबरोबर शेळ्या-कोंबड्याही नांदतात. घरं विखुरलेली, तरी मुलाला आजी किंवा चुलती हाकेच्या अंतरावर असते, आणि तिची गरज लवकरच पडते.

कारण दिवाळी झाली की पुष्कळ घरांतले आईबाप निघून जातात.

डोंगरउतारावरची ज्वारी-मका वर्षभर पुरत नाही. पावसाळ्यात कणगी रिकामी झाली की मुकादमाकडून उचल घेतली जाते आणि ती फेडायला ऊसतोडीला जावं लागतं. बरेच जण गुजरातेत जातात. हे काही आजचं नाही. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७०च्या दशकात बारडोली परिसरातल्या ऊसतोडीचा अभ्यास केला, तेव्हाही तोडकऱ्यांच्या टोळ्या खानदेशातून येत होत्या. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुलाचा हिशोब त्यात नसतो. काम मात्र असतं. धाकट्याला सांभाळायचं, पाणी भरायचं, हात पोचू लागले की मोळ्या बांधायच्या. थोरली मुलगी आठ-नऊ वर्षांची असेल तर पडावावर अर्धी आई तीच.

जी मुलं मागे राहतात, ती आजीपाशी किंवा आश्रमशाळेत. वर्गातली मराठी घरातल्या पावरीपेक्षा इतकी वेगळी, की पहिलीचं निम्मं वर्ष कान बसवण्यातच जातं. त्यातच मूल चार-पाच महिने उसाच्या फडात गेलं, तर वाचन कुठून येणार? या पालकांना ‘शिक्षणाची आस्था नाही’ असं म्हणणं सोपं आहे. सहा ते चौदा वयाच्या मुलांना शिक्षणाचा हक्क देणारा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. पण शाळेचं वर्ष जूनला सुरू होतं आणि कोयत्याचं दिवाळीनंतर. या दोन वर्षांचा मेळ घालायचं काम आईबापांवरच सोडलेलं आहे.

मधे होळी येते. सातपुड्यात दिवाळीहून मोठा सण हाच, आणि फडावरची माणसं शक्यतो त्यासाठी परततात. आठवडाभर आधी भोंगऱ्या बाजार भरतात. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची होळी पहाटे पेटते. मोरपिसांचे टोप घातलेले, कमरेला घुंगरं बांधलेले नाचे रात्रभर नाचतात. कित्येक घरांत त्या आठवड्यात सगळी माणसं महिन्यांनंतर एका चुलीपाशी बसतात.

मग मोह आणि त्यामागून आंबा. कैऱ्या सोलायच्या, फोडी करायच्या आणि खडकांवर वाळत घालायच्या. धडगावचं आमचूर बाजारात नावाजलेलं आहे. त्यातल्या बऱ्याच फोडी लहान हातांनी पसरलेल्या असतात. आभाळ भरून आलं की त्या गोळा करायला सगळं घर धावतं. मे-जूनची ही घाई संपते न संपते तोच शाळेची घंटा वाजते.

जूनमध्ये पहिलीच्या पटावर नवी नावं चढतात. आणि थोड्याच दिवसांत मुकादम उचल घेऊन पाड्यावर येतो.

(पुढील भागात : आश्रमशाळेतली पहिली रात्र)