अनुभव शून्य, आणि वायरमन व्हायचंय?

आयटीआय झालं, सर्टिफिकेट हातात आलं, आणि पहिल्याच ठिकाणी प्रश्न आला: "अनुभव किती?" अनुभवाशिवाय काम नाही आणि कामाशिवाय अनुभव नाही. मग काही जण सरळ ठोकून देतात, "येतं मला सगळं." विजेच्या कामात हे ठोकून देणं का महागात पडू शकतं आणि त्याऐवजी काय करावं, ते आज बघू.

आधी माझीच फजिती सांगते. एमएस्सी भौतिकशास्त्र, विद्युतचुंबकत्वाच्या पेपरात चांगले मार्क. भाड्याच्या खोलीत बल्बचा होल्डर बदलायचा होता. मी स्विच बंद केला, स्टुलावर चढले आणि हात घालणार इतक्यात शेजारचे वायरमन काका ओरडले, "अगं थांब! टेस्टर लावलास का?" मी म्हटलं, "स्विच बंद आहे की." त्यांनी टेस्टर लावला. पेटला!

झालं काय होतं? स्विच फेजच्या वायरवर असायला हवा. त्या खोलीत कोणीतरी तो न्यूट्रलवर जोडला होता. अशा वेळी स्विच बंद केला की सर्किट तुटतं आणि बल्ब विझतो, पण होल्डरपर्यंत २३० व्होल्ट तसेच पोचलेले असतात. माझं पुस्तकी ज्ञान चुकीचं नव्हतं. करंट शून्य होता हे बरोबरच. पण करंट शून्य म्हणजे व्होल्टेज शून्य नव्हे, हे परीक्षेत लिहिणारी मी स्टुलावर चढल्यावर विसरले. काकांना ते आठवावं लागलं नाही, त्यांचा हात आपोआप खिशातल्या टेस्टरकडे गेला.

"एमसीबी आहे ना, पडेल की," असं वाटत असेल तर हिशोब करून बघा. ओलसर हाताने शरीराचा रोध साधारण १००० ओहम धरला, तर २३० व्होल्टला करंट होतो ०.२३ अँपिअर. माणसाचा जीव घ्यायला तो पुरेसा आहे. लाइटिंगचा एमसीबी मात्र ६ अँपिअरचा. त्याच्या लेखी हा करंट म्हणजे एखादा जादा बल्ब! तो वायर वाचवायला बसवलेला असतो, माणूस नाही. माणसासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असतो. पण तुम्ही कोरड्या लाकडी स्टुलावर उभे असाल आणि एक हात फेजला, दुसरा न्यूट्रलला लागला, तर त्यालाही काही कळत नाही. कारण गेलेला सगळा करंट न्यूट्रलमधून परत येतो.

म्हणजे "चुका करत शिकू" हा मार्ग इथे बंद आहे. सुतारकामात चूक झाली तर लाकूड वाया जातं. इथे चूक दिसत नाही, आणि कळते तेव्हा कदाचित उशीर झालेला असतो. मग शिकायचं कसं?

जीन लेव्ह आणि एतिएन वेंगर यांचं १९९१ सालचं एक पुस्तक आहे, 'सिच्युएटेड लर्निंग'. त्यात उमेदवारी करून शिकण्याची काही उदाहरणं आहेत. लायबेरियातल्या शिंप्यांकडे नवीन मुलगा आधी बटणं लावतो, कडा दुमडून शिवतो. मग शिवण, आणि कापड बेतणं सगळ्यात शेवटी. कपडा तयार होतो त्याच्या बरोबर उलटा क्रम! बेतताना चूक झाली तर कापडच वाया जाणार, बटण मात्र उसवून परत लावता येतं. आणि बटणं लावता लावता पोरगा पूर्ण कपडा रोज बघत असतो.

त्याच पुस्तकात सुपरमार्केटमधल्या खाटीक उमेदवारांचं उदाहरण आहे. त्यांना एका खोलीत पॅकिंगच्या मशीनवर बसवलं होतं आणि कसबी कारागीर दुसरीकडे मांस कापत होते. काम दोघांचं चालू होतं, पण उमेदवाराला बघायलाच मिळत नव्हतं.

यातून विजेच्या कामासाठी मी काढलेला अर्थ असा. भिंत फोडून पाइप बसवणं, वायर ओढणं, सप्लाय जोडण्याआधी बोर्ड भरणं, ही सुरुवातीची कामं कमीपणाची नाहीत, ती आपली 'बटणं' आहेत. डीबीचं काम आणि चालू लाइनमधला फॉल्ट शोधणं सगळ्यात शेवटी. पण काम निवडताना एक जरूर बघा: मिस्त्री फॉल्ट शोधत असताना तुम्ही शेजारी उभे असणार, की खाली सामान उचलायला? शेजारी असाल तर विचारा, "काका, आधी हेच का तपासलंत?" जाणत्या माणसाच्या डोक्यातल्या पायऱ्या त्याने बोलून दाखवल्याशिवाय दिसत नाहीत.

आणि पहिल्या दिवसापासून एक सवय लावा. टेस्टर आधी चालू पॉइंटवर लावून बघा, मग बंद केलेल्या जागी, मग परत चालू पॉइंटवर. तिसरी पायरी बहुतेक जण गाळतात. पण मधेच टेस्टर बिघडला असेल, तर 'सप्लाय नाही' आणि 'टेस्टर मेला' दोन्ही सारखेच दिसतात.

अधिकृत वाटही आहे. १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली आस्थापनांमध्ये उमेदवारी करता येते, विद्यावेतन मिळतं. वायरिंगचं काम परवानाधारक कंत्राटदाराने, सक्षम माणसाच्या देखरेखीखालीच करावं असा नियमही आहे. तेव्हा 'मला एकट्याला पाठवू नका' म्हणणं हा भित्रेपणा नाही, नियमच तसा आहे.

पुढच्या वेळी कोणी "अनुभव किती?" विचारलं तर सरळ सांगा, "साहेब, वायरिंग शिकलोय, पण साइटवर एकट्याने केलेलं नाही. टेस्ट केल्याशिवाय हात लावणार नाही." एखादा कंत्राटदार नाही म्हणेल. पण "येतं सगळं" म्हणालात, तर तो पहिल्याच दिवशी तुम्हाला एकट्याला स्टुलावर चढवेल. आणि तिथे "थांब!" म्हणायला शेजारचे काका असतीलच असं नाही.