रात्री उशिरा सहार विमानतळावर उतरणाऱ्यांसाठी
आखाती देशांतून येणारी अनेक विमाने सहारला मध्यरात्रीनंतर उतरतात. मुंबई अनोळखी असलेल्या प्रवाशाला अशा वेळी घाई महागात पडते. रात्री सुमारे दीड ते पहाटे चारपर्यंत अंधेरीहून लोकल नसते. मेट्रोही बंद असते. रात्री १२ ते पहाटे ५ या वेळेत रिक्षाचे मीटरभाडे २५ टक्के अधिक असते. म्हणून हॉटेलचा खर्च टाळून आगमन कक्षातच उजाडण्याची वाट पाहावी. मात्र एकदा बाहेर पडल्यावर तिकिटाशिवाय पुन्हा आत प्रवेश मिळत नाही, हे ध्यानात ठेवावे. पाचनंतर रिक्षाने अंधेरी स्थानक गाठल्यास बोरिवली-विरारकडे जाणारी लोकल मिळते. तातडीने निघणे भागच असल्यास, विशेषतः एकट्या भगिनींनी, टर्मिनलमधील प्रीपेड टॅक्सीच्या खिडकीवर भाडे भरावे आणि पावती घरी पोहोचेपर्यंत स्वतःजवळ ठेवावी.