1839: दोन पारशी मुलं ख्रिस्ती झाली आणि मुंबईत खटला उभा राहिला

विल्सन कॉलेजला ज्यांचं नाव आहे, ते जॉन विल्सन स्कॉटिश मिशनरी होते. मुंबईतल्या त्यांच्या शाळेत पारशी मुलंही इंग्रजी शिकायची. मे 1839 मध्ये त्यातल्या धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पारशी समाज हादरला.

प्रकरण तेव्हाच्या मुंबईच्या सुप्रीम कोर्टात गेलं. मागणी ‘हेबियस कॉर्पस’ची, म्हणजे मुलाला कोर्टापुढे हजर करा. कोर्टाने धनजीभाईंना हवं तिथे जाऊ दिलं. ते विल्सन यांच्याकडेच राहिले.

घरच्यांचा संताप समजण्यासारखा होता. इंग्रजीसाठी शाळेत घातलेला मुलगा घरालाच दुरावला होता! अनेक पालकांनी मुलं शाळेतून काढून घेतली. धनजीभाई पुढे स्कॉटलंडला गेले आणि 1846 मध्ये पाद्री झाले.