जुन्या पिकअपचे बॉनेट : आधी बिजागरी, मग खटका

वाशिम जिल्ह्यात एखाद्याने घरातला वडिलोपार्जित पिकअप पुन्हा रस्त्यावर आणायचे मनावर घेतले, की पहिला खर्च इंजिनावर होतो, दुसरा ब्रेकवर आणि तिसरा रंगावर. बॉनेटची आठवण सर्वांत शेवटी येते. ते एका कोपऱ्यात वर राहते, दुसरीकडे मडगार्डला घासते आणि खटका काही केल्या लागत नाही. मग दोघे जण त्यावर भार टाकतात, कुणी जोरात आपटून पाहतो, आणि एकदाचा 'टक्' असा आवाज आला की काम झाले असे समजले जाते. असे बळजबरीने बसवलेले बॉनेट अकोल्याच्या वाटेवर एखाद्या खड्ड्यात सुटले, तर समोरून येणारा वारा ते उचलून काचेवर आदळवतो आणि चालकाला पुढचा रस्ता दिसेनासा होतो. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा दाब चौपट होतो. ताशी चाळीसला नुसते थरथरणारे बॉनेट ताशी ऐंशीला उघडू शकते, ते त्यामुळेच.

आपल्याकडच्या जुन्या पिकअप आणि ट्रकांचा उगम बहुतांशी मुंबईत सापडतो. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला जुळणीचा कारखाना सुरू केला आणि १९५४ मध्ये तो बंद केला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज आणि फार्गो बाहेर पडत. या पिढीतली नमुनेदार गाडी म्हणजे १९४७ मध्ये अमेरिकेत बाजारात आलेल्या मालिकेतला शेव्हरोलेचा पिकअप. त्याआधीच्या अनेक गाड्यांचे बॉनेट पंखांसारखे दोन्ही बाजूंनी उघडत असे. या गाडीचे बॉनेट मात्र मगरीच्या जबड्यासारखे पुढून वर उचलले जाते. बिजागऱ्या मागे, काचेखालच्या आडव्या पत्र्याला. खटका पुढे, रेडिएटरवरच्या चौकटीत. म्हणजे वाऱ्याचा मारा नेमका उघडणाऱ्या बाजूवर.

बॉनेट नीट बसत नाही, याचा अर्थ बॉनेटच बिघडले आहे असा होत नाही. अशा गाडीत सांगाडा वेगळा असतो, त्यावर केबिन वेगळी बसते आणि रेडिएटरची चौकट व मडगार्ड आणखी वेगळी. या साऱ्यांच्या खाली रबरी गाद्या असतात. काही दशकांत त्या रबराचा चुरा होतो, केबिन एका बाजूला बसते आणि तिला जोडलेली बिजागरीही तिच्याबरोबर खाली जाते. म्हणून पाना हातात घेण्यापूर्वी गाडी सपाट जागी उभी करावी, चारही चाकांत हवा सारखी आहे ना ते पाहावे, आणि दारांच्या फटी न्याहाळाव्यात. दारांभोवतीची फट वर रुंद आणि खाली अरुंद दिसली, तर दोष केबिनच्या गाद्यांत शोधावा. तेथे नवे रबर आणि गरजेप्रमाणे पातळ वॉशर घातले, की पुढचे निम्मे काम आपोआप सरते.

यानंतरची पायरी बहुतेकांना उलटी वाटते. ज्या खटक्याची तक्रार आहे, तोच काढून बाजूला ठेवायचा. खटक्याची ओढ असेपर्यंत बॉनेट स्वतःहून कुठे बसू पाहते हे कळत नाही. तो काढला, की बॉनेट अलगद खाली टेकवून दोन्ही बाजूंच्या आणि मागच्या फटी मोजाव्यात.

बिजागरीची भोके गोल नसून लांबट असतात, ती अशाच जुळवणीसाठी. बहुतेक रचनांत बिजागरी केबिनला जोडणारे बोल्ट सैल केले की बॉनेटची मागची कड वर-खाली होते. बिजागरी बॉनेटला जोडणारे बोल्ट सैल केले की ते पुढे-मागे सरकते. आधी बिजागरीच्या कडेने पेन्सिलीची रेघ मारून ठेवावी, म्हणजे वाट चुकली तर परत येता येते. बोल्ट पूर्ण काढू नयेत, सरकण्यापुरतेच सैल करावेत. दोन्ही बाजूंना एकेक माणूस हवा. एका वेळी एकच बाजू, तीही दोन-तीन मिलिमीटरच सरकवावी, बोल्ट आवळावेत आणि बॉनेट हळूहळू खाली आणावे. ते फार मागे गेले असेल तर मागचे कोपरे केबिनच्या पत्र्याला टेकतात. तसेच दाबले तर कोपरा दुमडतो, आणि ती घडी डेंटरलाही सहजी काढता येत नाही.

बिजागरीची पिन गंजून जाम झाली असेल, तर याहून मोठे नुकसान होते. स्प्रिंग वर ढकलते, आपण खाली दाबतो, बिजागरी हलत नाही. मग वाकतो तो मधला पत्रा. म्हणून पिनीत आधी तेल मुरू द्यावे, आणि पिन व भोक झिजून खेळ आला असेल तर पिन नवी करून घ्यावी. खिळखिळ्या बिजागरीवर केलेली जुळवणी टिकत नाही. स्प्रिंग काढताना चेहरा बाजूला ठेवावा. तिच्यातला ताण बोट मोडण्याइतका असतो.

विदर्भाच्या उन्हात पत्रा फुगतो म्हणून बॉनेट अडते, असेही ऐकायला मिळते. सव्वा मीटर लांबीचे पोलाद तापमानातल्या तीस अंशांच्या फरकाने जेमतेम अर्धा मिलिमीटर वाढते. पाच-सहा मिलिमीटरच्या फटीत त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

फट जुळेना की पत्रा कापून वेल्डिंग करण्याचा मोह होतो. तो टाळण्यास कायदेशीर कारणही आहे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी आणि चारचाकीला 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते, पण ती मूळ स्वरूपात असावी लागते. सांगाडा, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये ठरले आणि मुदत दहा वर्षांची. अशी गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी नसते. पिकअप मालवाहू म्हणून नोंदलेला असेल, तर त्याचा वर्ग परिवहन कार्यालयात आधीच तपासून घ्यावा. वाशिम जिल्हा अकोल्यातून १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला, तेव्हा त्याआधीची जुनी कागदपत्रे अकोल्याकडे शोधावी लागतील.

फटी जुळल्या, की खटका परत बसवावा. बॉनेटखालची खुंटी चौकटीतल्या भोकात नेमकी मधोमध शिरली पाहिजे. तिच्या टोकाला थोडे ग्रीस लावून बॉनेट अलगद टेकवले, तर ती कुठे आपटते त्याचा डाग उमटतो. त्या मापाने खटक्याची पट्टी सरकवावी. खटक्याने बॉनेट बाजूला ओढून फट लपवू नये. असा तिरका ओढलेला खटका गाडी हादरली की सुटतो. खुंटी आत फिरवून आखूड केली की बॉनेट घट्ट बसते, लांब केली की सैल. माप जमले की तिचा लॉकनट आवळावा. पुढचे रबरी ठोकळेही असे उंच-ठेंगणे करावेत, की बंद बॉनेट त्यांवर किंचित दाबून बसेल.

जीपचे गणित सोपे आहे. तिच्या बॉनेटला दोन बाजूंना दोन पकडी असतात. दोन्हींची ओढ सारखी ठेवली आणि झिजलेले रबर बदलले, की पुरे.

आता सेफ्टी हुक. मुख्य खटका सुटला तरी बॉनेट थोडे वर येऊन या हुकावर अडले पाहिजे. गाडी उभी असताना खटका सोडून हाताने बॉनेट जोरात वर ओढून पाहावे, एकदा नव्हे, दहा वेळा. दहात एकदाही हुक निसटला, तर त्याची स्प्रिंग बदलेपर्यंत गाडी आवाराबाहेर काढू नये. सारे ठीक असेल तर गावातल्या गावात, गतिरोधकांवरून चार-पाच किलोमीटर फिरून यावे आणि बिजागरीचे सगळे बोल्ट पुन्हा एकदा आवळावेत. नवे रबर पहिल्या काही फेऱ्यांत दबते, त्यामुळे महिन्याभराने फटी परत मोजाव्या लागतात.