घड्याळ तुमचं, शू त्याची!

दोस्तांनो, समजा वर्षभराच्या हट्टानंतर अखेर तुमच्या घरी कुत्र्याचं पिल्लू आलं. पांढरंशुभ्र पामेरियन, दोन महिन्यांचं. लोकरीच्या गोंड्यासारखं दिसतं म्हणून तुम्ही त्याचं नाव ठेवलंत 'गोंड्या'. पहिला दिवस कौतुकात जातो. दुसऱ्या दिवशी गोंड्या बाबांच्या चपलेवर शू करतो. तिसऱ्या दिवशी आजीच्या सतरंजीवर. चौथ्या दिवशी आई म्हणते, "हे असंच चालणार असेल, तर जिथून आणलंत तिथे परत देऊन या!"

तुमच्या पोटात गोळा येतो ना? यायलाच हवा. कारण घरात घाण करतात म्हणून कितीतरी कुत्री खरोखरच परत दिली जातात, नाहीतर रस्त्यावर सोडली जातात. म्हणजे गोंड्याचं घर टिकणार की नाही, हे या शूवर ठरू शकतं! आणि गंमत म्हणजे, ते गोंड्यापेक्षा तुमच्याच हातात जास्त आहे.

गोंड्याचं चुकलं काय?

खरं सांगायचं तर काहीच नाही. पिल्लू अगदी लहान असतं तेव्हा त्याची आईच त्याला चाटून स्वच्छ ठेवते. साधारण तीन आठवड्यांचं झालं की ते आपणहून झोपायच्या जागेपासून थोडं दूर जाऊन शू करू लागतं. म्हणजे "झोपतो तिथं घाण करायची नाही" एवढा धडा ते आईकडूनच शिकून आलेलं असतं. पण तुमचा दोन खोल्यांचा फ्लॅट हे सगळंच आपलं अंथरूण आहे, हे त्याला कोण सांगणार? त्याच्या हिशेबाने सतरंजी म्हणजे अंथरुणापासून चांगली लांबची जागा!

शिवाय पिल्लाला फार वेळ धरून ठेवता येत नाही. एक ढोबळ हिशेब आहे : पिल्लू जितक्या महिन्यांचं, त्यात एक मिळवा, तितके तास, फार तर फार. दोन महिन्यांच्या गोंड्याचे झाले तीन. तेही शांत झोपला असेल तर. जागा असेल, खेळत असेल, तर तासाभरातच घाई होते. त्यातून पामेरियनसारख्या छोट्या जातीची पिशवीही छोटी. आणखी एक अडचण म्हणजे त्यांचं डबकंही एवढंसं. सोफ्याखाली झालेलं दिसतच नाही, आणि तीच त्याची नेहमीची जागा होऊन बसते.

पिंजरा नव्हे, खोली!

इथे उपयोगी पडतो तारेचा किंवा प्लास्टिकचा पिंजरा. नाव ऐकून नाक मुरडू नका. नीट वापरला तर तो तुरुंग नाही, गोंड्याची स्वतःची खोली आहे.

त्यात त्याला उभं राहता आलं पाहिजे, गर्रकन वळता आलं पाहिजे आणि पाय पसरून झोपता आलं पाहिजे. बस्स, एवढाच मोठा. फार ऐसपैस असला तर एका कोपऱ्यात झोप आणि दुसऱ्या कोपऱ्यात शू, असा कारभार सुरू होतो. आत जुनी चादर घाला. पिंजरा घरातल्या माणसांच्या जवळ, पण उन्हापासून दूर ठेवा. पामेरियनच्या अंगावर दाट केसांचा दुहेरी कोट असतो, त्याला उकाडा सोसत नाही.

पहिल्याच दिवशी आत ढकलून दार लावायचं नाही हं! आधी दार उघडं ठेवून आत खाऊ टाका. जेवण तिथंच द्या. तो आपण होऊन आत जाऊ लागला की दार मिनिटभर लावा, मग पाच मिनिटं, मग दहा. रात्री पिंजरा तुमच्या खाटेशेजारी ठेवा. मध्यरात्री कुंई-कुंई सुरू झाली, तर त्याला बहुधा लागलेली असते. न बोलता, न खेळता उचलून न्या आणि परत आणून झोपवा.

आणि एक पक्कं लक्षात ठेवा : शिक्षा म्हणून पिंजऱ्यात कधीही कोंडायचं नाही. तुम्ही शाळेत आणि आईबाबा कामावर, म्हणून दिवसभरही नाही.

घड्याळाकडे लक्ष

गोंड्याला घड्याळ कळत नाही. तेव्हा ते तुम्ही सांभाळायचं. या वेळा वहीत लिहून फ्रिजवर लावा :

• झोपेतून उठल्याबरोबर
• जेवल्यानंतर पाच ते तीस मिनिटांत
• खेळ संपल्यावर
• पिंजऱ्यातून बाहेर काढल्यावर
• रात्री झोपण्यापूर्वी

न्यायचं तेही उचलून. चालवत नेलंत तर वाटेतच कार्यक्रम उरकतो! जागा रोज एकच ठेवा. लसी पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर सोडू नका. तोवर गॅलरीच्या कोपऱ्यात जुनी वर्तमानपत्रं पसरा. "चल, शू!" असा एकच शब्द घरातल्या सगळ्यांनी वापरायचा. काम झालं की लगेच, तिथल्या तिथे शाबासकी आणि खाऊचा छोटा तुकडा. घरात येऊन दिलात, तर त्याला वाटेल, घरात आलो म्हणून मिळाला!

आणि चूक झालीच तर?

होणारच. डोळ्यांदेखत झाली तर हलकेच "अं हं!" म्हणा आणि उचलून जागेवर न्या. नंतर दिसली तर मुकाट्याने पुसा. नाक घासणं, वर्तमानपत्राची सुरळी उगारणं अजिबात नको. त्यातून तो एकच गोष्ट शिकतो, की तुमच्यासमोर शू करणं धोक्याचं असतं. मग तो लपून करू लागतो.

"पण त्याला कळतं! चेहरा कसा अपराधी करतो!" असं मोठी माणसं म्हणतात. अमेरिकेतल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेने २००९ साली हेच तपासून पाहिलं. मालकाने कुत्र्याला खाऊ खायला मनाई करून खोलीबाहेर जायचं. परत आल्यावर त्याला कधी खरं सांगितलं जाई, तर कधी कुत्र्याने खाऊ खाल्ल्याचं खोटंच. निष्कर्ष असा, की तो अपराधी चेहरा खाऊ खाल्ल्यामुळे नव्हे, तर मालक रागावल्यामुळे होतो. ज्याने काहीच केलं नव्हतं, तोही रागावल्यावर कान पाडून बसला! न केलेल्या चुकीबद्दल बोलणी खाल्ल्यावर कसं वाटतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला हवं का?

पुसताना आधी साबणाचं पाणी, मग पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर घालून वापरा. वास राहिला तर तो पुन्हा तिथंच जाईल. फिनेल मात्र नको. पिल्लू पंजे चाटतं, आणि काही फिनेलमधली द्रव्यं त्याला घातक असतात.

आईबाबा, तुमच्यासाठी

आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नका. सवय लागायला काही महिने लागतात, छोट्या जातींना कधी जास्तच. शिकलेलं पिल्लू अचानक वारंवार थेंब-थेंब करू लागलं, तर डॉक्टरांना दाखवा. तो हट्ट नव्हे, आजार असू शकतो. आणि दिवसभर घरी कोणीच नसेल, तर पिल्लू आणण्याआधीच विचार करा.

मुलांनो, फ्रिजवरच्या वहीत रोज दोनच आकडे लिहा : आज बरोबर जागी किती, चुकीच्या जागी किती. दुसरा आकडा वाढला, की गोंड्याला रागवायच्या आधी घड्याळाकडे बघा. उशीर बहुतेक तुम्हालाच झालेला असतो!