सावंतवाडीची गंजिफा : चित्रित पत्ते आणि शहराचा इतिहास

टॅरो म्हटले की आज भविष्यकथन आठवते. वस्तुतः हे चित्रित पत्ते पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळासाठीच निर्माण झाले. त्यांना गूढार्थ लाभला तो इ.स. १७८१ मधील कूर द जेबलँ या फ्रेंच लेखकाच्या विवेचनानंतर. महाराष्ट्रात हाताने रंगविलेल्या पत्त्यांची जी परंपरा सावंतवाडीत टिकून आहे, ती गंजिफा मात्र खेळच राहिली.

बाबराने इ.स. १५२७ मध्ये सिंधमधील शाह हसन यास गंजिफा पाठविल्याची नोंद ‘बाबरनामा’त आढळते. मोगली संचात ८ रंग व ९६ पत्ते असत. दशावतारी संचात दहा अवतारांचे दहा रंग असून प्रत्येक रंगात राजा, प्रधान व एक्क्यापासून दश्शीपर्यंतचे पत्ते, असे एकूण १२० गोल पत्ते असतात. मत्स्याच्या रंगात मासे, कूर्माच्या रंगात कासवे, परशुरामाच्या रंगात परशू रेखाटलेले असतात. निम्म्या रंगांत आकड्यांचा क्रम उलटा असतो, म्हणजे दश्शीपेक्षा एक्का वरचढ ठरतो. दिवसाच्या डावाची सुरुवात रामाच्या राजाकडे, तर रात्रीची कृष्णाच्या राजाकडे. गेलेले पत्ते स्मरणात ठेवणाऱ्याचाच येथे निभाव लागतो.

या पत्त्यांवर सावंतवाडीचा राजवाडा नाही, मोती तलाव नाही, सावंत-भोसल्यांची एखादी लढाईही नाही. शहराचा इतिहास चित्रविषयात नसून घडणीत आहे. चिंचोक्याच्या खळीने कागद घट्ट करणे, रंगविणे, त्यावर लाखेचा थर देणे ही चिताऱ्यांची विद्या. लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध असलेली चितार आळी त्याच विद्येवर उभी राहिली. दरबारचा आश्रय आणि आळीतील हात या दोहोंवाचून हा संच घडलाच नसता.

यंत्रावर छापलेले स्वस्त पत्ते आल्यावर मागणी आटली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिवरामराजे भोसले व सत्त्वशीलादेवी भोसले यांनी जुन्या चिताऱ्यांकडून ही कला समजून घेतली आणि राजवाड्यातच कारागिरांना बसवून तिचे पुनरुज्जीवन केले. २०२४ मध्ये सावंतवाडीच्या गंजिफेस भौगोलिक मानांकनही प्राप्त झाले.

मानांकनाने वस्तू सुरक्षित झाली, डाव नव्हे. चौकटीत बसवून भिंतीवर टांगलेल्या पत्त्यांना उलट्या क्रमाचे प्रयोजन उरत नाही. तेथे एक्का आणि दश्शी सारखीच शोभिवंत. चितारी १२० पत्ते आजही रंगवितो. ते वाटून घेऊन बसणारे तिघे जाणकार गाठणे त्याहून कठीण झाले आहे.